अक्कांचं पेट्रोल

"परवडते का हो बाई?" हा प्रश्न मला हल्ली कोणीही विचारतं. शाळेचा शिपाई विचारतो, फाटकावर बोरं विकणारी मावशी विचारते, आणि लग्नात जेवायला बसलं तर समोरच्या पंगतीतला अनोळखी माणूसही विचारतो. मी जळगावात मेहरूणच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते, तेव्हा उत्तर मला तोंडपाठ आहे. विजेवरची गाडी घेताना महाग, चालवताना स्वस्त. पेट्रोलला जिथे शंभर रुपये जायचे तिथे घरच्या विजेला वीस-बावीस जातात. ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, गिअर नाही. रोजचं जाणं-येणं ठरलेलं असेल आणि घरी मीटर असेल तर डोळे झाकून घ्या, असं मी सांगते. हे सगळं खरंच आहे. पण एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही. ती लग्नाच्या पंगतीत सांगण्यासारखी नाही.

माझं सासर असोद्याचं, माहेर धुळ्याचं. जुनी गाडी पेट्रोलची होती, अकरा वर्षांची. तिचा एक दरवाजा फक्त आतून उघडायचा आणि उन्हाळ्यात एसी लावला की चढावर ती धापा टाकायची. रोज असोदा ते जळगाव आणि परत, आणि महिन्यातून एका शनिवारी धुळ्याला आईकडे, एवढं तिचं काम. पेट्रोलचा भाव शंभराच्या वर जाऊन बसला तेव्हा मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला आकडेमोड सुरू केली. घरात मी कागद घेतला की नवरा उठून केळीच्या बागेत जातो. यावेळी तो गेला नाही.

"पेट्रोलच्या गाडीपेक्षा चार लाख जास्त देणार तू," तो म्हणाला. "ते वसूल व्हायला आठ वर्षं लागतील. आठ वर्षांनी बॅटरी जाईल. मग?"

"सहा वर्षं," मी म्हटलं. "तुमचा भागाकार चुकलाय."

"आणि लाइट गेली की?"

"तेव्हा तुमच्या मोटारसायकलवर मागे बसेन. लग्नानंतर बसवलंच नाहीत कधी."

"घरात दोन मोबाइल चार्जिंगला लावायचे तर भांडणं होतात," तो उठत म्हणाला, "आता तिसरा अंगणात ठेव."

तर अशी मी जिंकले. कागदावर मी, नवरा, शाळा, आई, किलोमीटर, युनिट, विमा, टायर, सगळं मांडलं होतं. फक्त मागच्या सीटवर बसणाऱ्या अक्का मांडल्या नव्हत्या.

अक्का म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या. नात्याच्या नाहीत, पण मी लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडताना मला सावरणारा हात त्यांचा होता, एवढं नातं पुरे. वय सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा सुरतेला. जमीन भागानं दिलेली आणि दोन खोल्यांच्या घरात एकट्या. साखरेच्या आजारानं डावा डोळा कधीच गेला होता. उरला उजवा. त्याच्या पडद्यामागे सूज यायची, आणि ती उतरवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. जळगावात डोळ्यांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण अक्कांचा विश्वास धुळ्याच्या एका डॉक्टरवर, त्याच्या हाताला गुण आहे म्हणून. मी महिन्यातून एकदा धुळ्याला जायचेच. तेव्हा अक्का मागे बसायच्या. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मुलगा वाईट नाही. इंजेक्शनचे पैसे तोच पाठवायचा. "सुरतेला चल, इथे दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे," असंही दर फोनवर म्हणायचा. अक्का एकदाच गेल्या होत्या, पंधरा दिवस. चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांनी काय केलं असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बसली." बस, एवढंच. उजवा डोळा गेला की आपल्याला सुरतेला नेतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून दर महिन्याची ती सुई त्या दातावर दात दाबून टोचून घ्यायच्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. असोद्यातून कोणाची गाडी जळगावला किंवा धुळ्याला निघाली की ती एकट्याची नसते. कोणाला दवाखान्यात जायचं असतं, कोणाला कोर्टात, कोणाला लेकीकडे. नाही म्हणायची पद्धत नाही. पण बसणाऱ्यानंही काहीतरी करायचं असतं. भाडं द्यायचं नाही, भाडं दिलं तर गाडीवाल्याचा अपमान. पेट्रोल टाकायचं. पैसे मालकाच्या हातात जात नाहीत, गाडीच्या पोटात जातात. मग घेणाऱ्याला घेतल्यासारखं वाटत नाही आणि देणारा ताठ मानेनं बसतो. कोणी शंभराचं टाकतं, कोणी दोनशेचं. हे कोणी कोणाला शिकवत नाही, लहानपणापासून मागच्या सीटवर बसून ते कळतं.

अक्का पाचशेचं टाकायच्या. एरंडोलच्या पुढे एक पंप आहे, तो त्यांचा पंप. गाडी थांबायच्या आधीच त्या काच खाली करायच्या, कमरेचा बटवा काढायच्या आणि अर्ध्या खिडकीबाहेर येऊन पंपावरच्या माणसाला सांगायच्या, "पाचशाचं टाक रे भाऊ. आन आधी शून्य दाखव." त्यानं शून्य दाखवलं की मान डोलवायच्या. एकदा मी म्हटलं, "अक्का, तीनशेचं बास झालं हो." तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आरशातूनसुद्धा दुसरीकडे पाहिलं. पुढे अक्का म्हणाल्या, "सुईचे पैसे पोरगा देते. रस्ता माह्या मी करते."  खरं तर तेव्हाच मला बरंच काही कळायला हवं होतं.

नवी गाडी आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, गल्लीतल्या बायका जमल्या. मी चावी फिरवली, म्हणजे बटण दाबलं, आणि गाडी गुपचूप पुढे सरकली तशी अक्का मागे सरकल्या. "व माय! आवाज कुठी गेला हिचा?" सगळ्या हसल्या. पेट्रोलचं झाकण शोधत एकीनं गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मी पुढच्या बाजूचं चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं आणि वर्गात समजावते तसं सगळ्यांना समजावून सांगितलं. इतका आनंद मला फार दिवसांनी झाला होता, तो लपवायचं काही कारण नव्हतं.

धुळ्याचा पहिला शनिवार एप्रिलमधला. आदल्या रात्री दोन तास वीज गेलेली, त्यामुळे सकाळी गाडी पूर्ण भरलेली नव्हती. म्हटलं, पुरेल. एरंडोल गेलं, पुढे तो पंप आला. आरशात पाहिलं तर अक्कांनी काच खाली केली होती आणि हात कमरेशी गेला होता. मी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. उलट हसून म्हणाले, "अक्का, विसरलात का? आता पंपाशी आपला संबंध संपला!"

काच वर गेली. मी आपली बोलतच राहिले. एका खेपेला किती वाचतात, वर्षाचे किती होतात, सहा वर्षांचे किती. अक्का हूं हूं करत होत्या.

पारोळ्याच्या पुढे माझी बडबड बंद झाली. ऊन बेचाळीसच्या पुढे, एसी चालू आणि समोरचे बॅटरीचे टक्के माझ्या कागदावरच्यापेक्षा भराभर उतरायला लागलेले. एका ढाब्यावर चार्जर आहे असं मोबाइल दाखवत होता. तिथे गेले तर चार्जर होता, पण त्यावर पोतं टाकलेलं. ढाब्यावाला म्हणाला, "महिना झाला ताई, बंदच शे. चहा घ्या." शेवटी मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि आम्ही दोघी भट्टीतल्या भाकरीसारख्या भाजत निघालो. अक्कांनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "पेट्रोल असतं तं टाकलं असतं मी." मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले.

धुळ्यात पोचले तेव्हा गाडीत पंचवीस टक्के उरले होते. अक्कांना दवाखान्यात बसवून मी गाडी आईकडे नेली, खिडकीतून जाड वायर बाहेर काढली आणि चार्जिंगला लावली. इंजेक्शन झाल्यावर अक्कांना तिथेच आणलं. आई दारात उभी राहून गाडीकडे बघत होती. माझी आई पक्की अहिराणी बोलणारी. म्हणाली, "गाडी बी जेवाले बसनी का वं?" अक्कांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. त्या खुर्चीवर बसून नुसत्या ऐकत होत्या.

संध्याकाळी घरी पोचलो. अंगणात नवरा होता, ओट्यावर शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मी अक्कांना हात धरून उतरवलं. त्यांनी बटवा काढला, चाचपून पाचशेची नोट बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. मी ती नोट त्यांच्या मुठीत परत दाबली. म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "अहो अक्का, काय वेड लागलं का? हिला काही लागतच नाही. आता आयुष्यभर फुकट बसा!"

ओट्यावरच्या दोघी कौतुकानं हसल्या. मलाही आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं. अक्कांनी नोट परत ठेवली. पट्टी बांधलेली असल्यामुळे बटव्याची दोरी बांधायला त्यांना वेळ लागला. मी तोवर गाडीतून डबे काढत होते.

पुढच्या महिन्यात त्या आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत भरिताची वांगी, निदान पाच किलो. दुसरीत शेंगा, आणि माझ्या आईसाठी बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. मी म्हटलं, "अक्का, धुळ्याला भाजीबाजार नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?" पिशव्या मागे ठेवल्या आणि निघालो. त्या दिवशी त्या सीटच्या कडेला बसल्या होत्या, अंग चोरून, काळी-पिवळी जीपमध्ये शेवटची जागा मिळालेलं माणूस बसतं तशा. हे मला आज आठवतं. तेव्हा दिसत होतं, पण मी पाहिलं नाही.

त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाल्या, "आंग मोडून आलं व मास्तरीनबाई, पुढच्या येळी." मग त्याच्या पुढच्या महिन्यात मी विचारायला गेले तर, "भाचा आला होता गाडी घेऊन, त्याच्यासंगं जाऊन आली." मी बरं म्हटलं आणि परत फिरले. खोटं कशाला बोलू, मला थोडं सुटल्यासारखंही झालं. गाडी हलकी, उन्हाची चिंता एकटीपुरती, आईकडे जास्त वेळ. त्या शनिवारी मी गाणी लावून गेले.

त्याच दिवशी आईच्या चष्म्याचा नंबर काढायला मी तिला त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. नाव लिहून घेणाऱ्या मुलीनं मला ओळखलं. म्हणाली, "मॅडम, तुमच्यासोबत त्या असोद्याच्या आजी यायच्या ना, त्या दुसरीकडे दाखवतात का आता? दोन इंजेक्शनं चुकली त्यांची. डॉक्टर विचारत होते."

 भाचा वगैरे कोणी आलाच नव्हता.

आईला घरी सोडलं आणि तशीच निघाले. वाटेत कुठे थांबले नाही. असोद्यात शिरले ती घरी न जाता सरळ अक्कांच्या दारात. त्या ओसरीवर परातीत तूरडाळ निवडत बसल्या होत्या. डाळीकडे बघत नव्हत्या. तोंड एका बाजूला वळवलेलं आणि बोटं डाळीतून फिरत होती. मी समोर जाऊन उभी राहिले तरी तोंड तसंच बाजूला. मग कळलं, त्या माझ्याकडेच बघताहेत. समोरचं दिसत नव्हतं म्हणून कडेनं बघत होत्या.

माझा राग नाकावर असतो, हे शाळेतली पोरंही सांगतील. मी घाबरले होते आणि त्यामुळे ओरडले. "दोन महिने! दोन महिने गेला नाहीत तुम्ही? माझ्याशी खोटं बोललात? एसटीनं तरी जायचंत!"

"एस्टीनं जाईन व," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पण सुई टोचल्यावर डोया बांधता ते. दुसरा तं मेलेलाच. मंग कोनती एस्टी लागली हे मले कोन सांगीन?"

"मग मला सांगायचं! मी होते ना. माझी गाडी जातच होती!"

"जात होती." त्यांनी परात बाजूला सरकवली. "पाच वर्सं बसली तुह्या गाडीत. कधी मान खाली घालून नही बसली. पेट्रोल टाकलं आन बसली. आता तू म्हनते, फुकट बस. चार बायांमंधी म्हनते. एक डाव बसली. दुसऱ्या डाव वांगे घेऊन आली तं तू हसली. मंग तिसऱ्या डाव कोन्या तोंडानं येऊ?"

मी ओट्यावर बसले.  पाचशे रुपये वाचवून मी या बाईवर उपकार केला असं मला वाटत होतं. तिच्याकडे स्वतःचं म्हणून जे एक द्यायला होतं, तेच मी चारचौघांत परत तिच्या मुठीत कोंबलं होतं. मला माझी लाज वाटली. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती, हे मी इथे लिहून टाकते.

पण सवय जाते का? लगेच उपाय काढला. "बरं, मग असं करा," मी म्हटलं, "दर खेपेला मला पाचशे द्या. मी घेईन."

अक्का ताडकन म्हणाल्या, "तू काय काळी-पिवळी चालवते? भाडं घेशीन माह्याकून?"

 पेट्रोलच्या गाडीला एक तोंड होतं, त्यात कोणीही आपल्या ऐपतीचं काहीतरी टाकू शकत होतं. या गाडीचं तोंड माझ्याच अंगणात, माझ्याच मीटरला जोडलेलं. बसणाऱ्याला काही टाकायला जागाच नव्हती. इतकी साधी गोष्ट, आणि प्रश्नपत्रिकेच्या मागची सगळी बाजू भरूनसुद्धा ती माझ्या ध्यानात आली नव्हती.

 मग अक्कांनीच विचारलं, "ही गाडी तुह्या मायच्या घरी जेवते ना?"

"हो."

"मंग माह्या घरी कशाले नही जेवत?"

माझ्या घरी सॉकेट होता. माझं घर तिथून एक गल्ली पुढे. त्यांच्या दारात गाडी उभी करायची म्हणजे अरुंद बोळातून मागे घ्यायची, धुळ्याच्या आदल्या रात्री तिथे ठेवायची, सकाळी चालत आणायला जायचं. सॉकेटला, वायरला खर्च वेगळा. हे सगळं एका क्षणात माझ्या जिभेवर आलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा मी ते गिळलं.

"जेवेल की," मी म्हटलं.

"मंग सोमवारी चाल धुळ्याले. फिटिंगवाल्याले आल्यावर बलावते."

रविवारी दवाखाना बंद, म्हणून सोमवार ठरला. मी शाळेत रजा सांगितली. डॉक्टर अक्कांवर रागावले, मग माझ्यावरही रागावले, आणि मला ते बरंच वाटलं. समोर अक्षरांचा तक्ता लावला. पूर्वी अक्का खालून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचायच्या. त्या दिवशी वरचं सगळ्यात मोठं अक्षर सांगायला त्यांनी मान वाकडी केली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मधलं जे गेलं ते बहुतेक परत यायचं नाही. कडेचं आहे, ते इंजेक्शनं न चुकवता घेतली तर टिकेल.

अक्कांनी एकच विचारलं, "सैपाक करता येईन का?"

"येईल."

"एकटीनं?"

"येईल, आजी. सवय होईल."

"मंग सुरतेले नही जात," अक्का माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, जसं काही मीच त्यांना न्यायला आले होते.

गाडीत येऊन बसलो. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आवाज येऊ दिला नाही असं मला वाटलं होतं. मागून हात आला, माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "रडू नको व. आधी गाडी चालव. लाइट जाईन तुह्या मायच्या घरी, मंग अडकशीन."

त्याच आठवड्यात अक्कांच्या ओसरीत पंधरा अँपिअरचा सॉकेट बसला. वायरमननं पैसे सांगितले ते अक्कांनी घासाघीस करून कमी केले आणि बटव्यातून दिले. मी मध्ये तोंड घातलं नाही. गाडी बोळातून मागे घेताना नवरा पुढे उभा राहून हात दाखवत होता आणि एकीकडे पुटपुटत होता की एवढ्या मेहनतीत बैलगाडी धुळ्याला पोचली असती. प्लग लावला. गाडीचा दिवा लाल. पुन्हा लावला, पुन्हा लाल. ही गाडी जमिनीला नीट अर्थिंग नसेल तर वीज घेतच नाही, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. अक्कांच्या घराला अर्थिंग नव्हतंच. आमच्याकडे अर्ध्या गावाला नाही.

"घेत नही का ती माह्या घरचं?" अक्कांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम पडला.

"घेईल, घेईल," नवराच म्हणाला. "खड्डा करावा लागेल अक्का. अर्थिंगचा." आणि ज्या माणसानं पहिल्या दिवसापासून या गाडीला मोबाइल म्हणून नावं ठेवली, तो स्वतः कुदळ घेऊन आला. न्हाणीच्या मागे, जिथे जमीन ओली राहते, तिथे खड्डा खणला. वायरमननं पत्रा पुरला. त्यावर कोळसा आणि मीठ थराथरानं घालायचं असतं. कोळसा आम्ही आणला, मीठ अक्कांनी घरातून आणलं, पुरेना म्हणून शेजारणी आपापल्या बरण्या घेऊन आल्या. वरून दोन बादल्या पाणी ओतलं. एव्हाना अर्धी गल्ली जमली होती.

उन्हं उतरली होती, पण उजेड चांगला होता. मी प्लग उचलला आणि गाडीकडे निघाले. अक्का मध्ये आल्या.

"दे अठी. मी लावते."

मी त्यांच्या हातात दिला. तो जड असतो. त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि गाडीपुढे उभ्या राहिल्या. तोंड एका बाजूला वळवून त्या भोक शोधत होत्या, आणि प्लग एकदा गाडीच्या पत्र्यावर टेकला, एकदा झाकणावर. मला राहवत नव्हतं. हात धरून सरळ जागेवर नेला असता तर अर्ध्या सेकंदाचं काम होतं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.  मग अक्कांनी एक हात सोडला, बोटांनी चाचपून जागा शोधली, आणि बोटाच्या अंदाजानं प्लग आत दाबला. खट् आवाज झाला.

प्लगच्या शेजारीच, त्यांच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर, हिरवा दिवा लागला. इतका ठळक की गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईलाही दिसला असेल. अक्का त्याच्याकडे सरळ बघत होत्या.

"लागला का व दिवा?" त्यांनी मला विचारलं.

"लागला, अक्का," मी म्हटलं.